तुटलेली तार ठेवायची की काढायची?

फेब्रुवारीतली गोष्ट. शेवटचा तास संपवून स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो. दारात चार मुलं येऊन उभी राहिली. "सर, पाच मिनिटं येऊ का?" हा आमच्या कॉलेजचा रॉक बँड. जानेवारीतल्या गॅदरिंगला या मुलांनी पाऊण तास मैदान दणाणून सोडलं होतं. तीन मराठी गाणी, तीन कन्नड, दोन इंग्रजी. मी शिकवतो मराठी. संगीताशी माझा नोकरीपुरता काही संबंध नाही. पण सरांच्या घरी रॉकच्या कॅसेटींचं कपाट आहे, ही बातमी दरवर्षी नव्या मुलांपर्यंत कशी कोण जाणे पोचतेच.

मुलांनी टेबलावर एक पेन ड्राइव्ह ठेवला. त्यात त्या कार्यक्रमाच्या दोन प्रती होत्या. एकीला ते 'कच्ची' म्हणत होते, दुसरीला 'पक्की'. गॅदरिंगच्या रात्री मिक्सरमधून प्रत्येक वाद्याचा, प्रत्येक माइकचा आवाज लॅपटॉपवर वेगवेगळा घेतला होता. ती कच्ची. मग एका स्टुडिओवाल्याकडून ती साफसूफ, दुरुस्त करून घेतली. ती पक्की. आता यातली कुठली इंटरनेटवर चढवायची आणि ओळखीच्यांना द्यायची, यावरून चौघांत जुंपली होती.

भांडणाचं मूळ पाचव्या गाण्यात. गाणं ऐन रंगात असताना गिटारची तार तुटली. गिटारवाला तार बदलायला मागे गेला. ड्रम आणि बेस मात्र थांबले नाहीत. गाणाऱ्या मुलानं तेवढा वेळ लोकांना बोलण्यात गुंतवून ठेवलं. आधी "हेंगैत्री?" करून कन्नडमध्ये, मग मराठीत, मग दोन्हीची मिसळ. आपल्याकडे घरात बोलतो तशी. पोरांनी टाळ्यांनी ठेका धरला. तार लावून गिटार परत आली तेव्हा मैदानावर जो गलका झाला, तो मी स्वतः मागे खुर्चीत बसून ऐकला आहे. पक्क्या प्रतीत यातलं काहीच नव्हतं. तिथे तार तुटलीच नव्हती! वर प्रत्येक गाण्याच्या शेवटी स्टुडिओवाल्यानं आपल्या साठ्यातल्या टाळ्या जोडल्या होत्या.

गिटारवाल्याला पक्की हवी. "सर, माझी फजिती जन्मभर नेटवर राहील." ड्रमवाल्याला कच्ची. गाणाऱ्याचं तिसरंच. दोन गाण्यांत त्याचा आवाज फाटला होता, तेवढा नव्यानं गाऊन भरायचा आणि बाकी जसं आहे तसं ठेवायचं. बेसवाला खाली मान घालून गप्प. जूनमध्ये दोघं बेंगळुरूला जाणार, एक पुण्याला. म्हणजे बँड संपल्यातच जमा. या आठ गाण्यांखेरीज त्यांचं म्हणून कुठे काही राहणार नाही, आणि त्याच आठ गाण्यांवरून ते एकमेकांशी नीट बोलेनासे झाले होते.

"दोन दिवस द्या, ऐकतो आणि सांगतो," म्हणालो. दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, कारण घरी येऊन कपाट उघडलं.

तेच गाणं दुसऱ्यांदा का घ्यावं?

माझी सासुरवाडी धारवाडची. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांच्याकडे एका घरगुती बैठकीची जुनी कॅसेट आहे. ती लागली की एका ठिकाणी अप्पा हात वर करतात आणि म्हणतात, "हा खोकला माझा." आपल्या भागात ख्याल ऐकणाऱ्याला बैठकीच्या ध्वनिमुद्रणाचं महत्त्व सांगावं लागत नाही. तो राग त्या दिवशी तसाच झाला, पुन्हा तसा होणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

रॉकमध्ये प्रकार उलटा आहे. तिथे गाणं बहुतेक वेळा आधी स्टुडिओत तयार होतं. आज ड्रम, उद्या गिटार, परवा आवाज, असे थर चढवून ते बांधतात आणि तीच प्रत लोकांच्या कानात कायमची बसते. पुढे बँड मंचावर येतो तो या प्रतीशी सामना करत. त्यामुळे लाइव्ह अल्बमपुढे पहिला प्रश्न असतो तो गिऱ्हाइकाचा. जे गाणं घरात आहे, तेच कमी सफाईनं वाजवलेलं दुसऱ्यांदा पैसे देऊन का घ्यावं?

कंपन्यांना मात्र हा माल परवडतो. नवी गाणी लागत नाहीत, महिनोन्महिने स्टुडिओ भाड्यानं घ्यावा लागत नाही, दोन-तीन रात्रींत काम उरकतं आणि करारातला एक अल्बम भरून निघतो. म्हणून लाइव्ह अल्बम ढिगानं निघाले आणि त्यातले बरेचसे विसरले गेले. जे टिकले ते का टिकले, हे पाहायला मी कपाटातून आधी काढली 'मेड इन जपान'.

ओसाकाचा सवाल-जवाब

डीप पर्पल हा इंग्लंडमधला पाच जणांचा बँड. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ते पहिल्यांदा जपानला गेले. तिथल्या कंपनीला त्यांच्या कार्यक्रमांची रेकॉर्ड काढायची होती. बँडला फारसा उत्साह नव्हता. आमचा ध्वनिमुद्रक आम्ही आणू आणि टेप आम्हाला पसंत पडल्या तरच रेकॉर्ड निघेल, अशा अटी घालून त्यांनी होकार दिला. मार्टिन बर्च हा त्यांचा नेहमीचा ध्वनिमुद्रक सोबत गेला. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका, १७ ला टोकिओचं बुदोकान. आपल्याकडे स्वातंत्र्याची पंचविशी साजरी होत होती, त्याच रात्री ओसाकात यांचं पहिलं ध्वनिमुद्रण चाललं होतं.

तीन रात्रींतून सात गाणी निवडली. बरीचशी १६ तारखेची. पण 'स्मोक ऑन द वॉटर' हे आज गिटार शिकणारा प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात वाजवतो ते गाणं १५ तारखेचं आहे. मागाहून स्टुडिओत काही भरलं नाही. मिक्सिंगला पाचांतले दोघंच गेले, इतकी बेफिकिरी! गायक इयान गिलानला तर स्वतःचं गाणंच पसंत नव्हतं. रेकॉर्ड जपानपुरतीच राहील असा त्यांचा अंदाज होता. ती जगभर गेली आणि आज लाइव्ह अल्बमचं नाव निघालं की हिचं नाव निघतं.

का, ते एका गाण्यात कळतं. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' हे स्टुडिओत साधं सरळ गाणं. ओसाकाच्या मंचावर मध्येच गिटारवाला रिची ब्लॅकमोर एक सूर टाकतो आणि गिलान तो गळ्यानं परत करतो. मग दुसरा, जरा वरचा. मग वेडावाकडा. आपल्याकडे तबला-सतारीचा सवाल-जवाब रंगतो तसंच. शेवटी गिलान किंचाळीच्या टोकाला जाऊन पोचतो आणि लोक ओरडतात. ते लोक नेमके कशाला ओरडले हे घरी बसलेल्यालाही कळतं, ही यातली खुबी. त्याच रेकॉर्डवर, सगळंच इतर सगळ्यापेक्षा मोठ्या आवाजात ऐकू येऊ दे, अशी मंचावरून आवाजवाल्याला केलेली मागणी आहे. पुढे ती रॉकवाल्यांत म्हणीसारखी झाली. कोणी सफाईच्या नादात ते वाक्य कापलं असतं तर?

विद्यापीठाच्या मेसमध्ये

दुसरी कॅसेट 'लाइव्ह ॲट लीड्स'. बँड 'द हू'. एक गायक, एक गिटार, एक बेस, एक ड्रम; आमच्या मुलांसारखेच चौघं. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी रात्री-रात्रींच्या टेप करून ठेवल्या होत्या. घरी आल्यावर एवढं सगळं ऐकणार कोण, या विचारानं गिटारवाल्या पीट टाउनशेंडला घाम फुटला. त्या टेप जाळून टाकायला सांगितलं, असं त्यानं पुढे स्वतःच सांगितलं. मग सरळ दोन कार्यक्रम ठरवले. १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठ, दुसऱ्या दिवशी हल शहर. हलच्या टेपवर सुरुवातीच्या काही गाण्यांत बेस उमटलाच नव्हता. राहिलं लीड्स.

लीड्सची जागा म्हणजे विद्यापीठाची रिफेक्टरी. आपल्या भाषेत मेस! जिथे पोरं दुपारी जेवतात तो हॉल. कॉलेजात आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्याला याचं फार अप्रूप वाटतं. आज तिथे भिंतीवर स्मृतिफलक आहे.

त्या टेपवर मधूनमधून कुरकुर आली होती. काढायचे प्रयत्न करून ती पुरती निघेना. तेव्हा रेकॉर्डच्या लेबलवर हातानं लिहून टाकलं की ही कुरकुर असू द्या, दुरुस्त करू नका. मुखपृष्ठही साध्या तपकिरी कागदाचं, वर रबरी शिक्का मारल्यासारखं नाव. त्या काळी चोरट्या रेकॉर्डी अशाच वेष्टनात मिळत. १९९५ ला मोठी सीडी निघाली तेव्हा संगणकानं ती कुरकुर बरीचशी पुसली. मला आवाज स्वच्छ झाल्याचं वाईट वाटलं नाही. कुरकुर वायरीची होती. टाउनशेंडच्या गिटारीची किंवा कीथ मूनच्या ड्रमची ती नव्हती.

मूळ रेकॉर्डवर सहाच गाणी. त्यात 'माय जनरेशन' हे त्यांचं तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं जवळजवळ पंधरा मिनिटं चालतं. मध्ये दुसऱ्याच गाण्यांचे तुकडे येतात. गिटारवाला थांबला की बेस पुढे येतो, बेस थबकला की ड्रम खिंड लढवतो. पुढे कुठे जायचं हे चौघांपैकी कुणालाच ठरवून माहीत नाही, असं वाटत राहतं. आणि गंमत पाहा. २०१० च्या सुमारास हलचा कार्यक्रमही बाहेर काढला, तेव्हा त्यातला हरवलेला बेस लीड्सच्या टेपवरून उचलून बसवला. म्हणजे ठिगळ इथेही आहे. पण ते त्याच माणसाच्या, एका रात्रीआधीच्या हातचं.

टाळ्या विकतच्या, किंकाळ्या फुकटच्या

आता श्रोत्यांचं. लाइव्ह अल्बममध्ये लोकांचा आवाज मिठासारखा. नसला तर अळणी, जास्त झाला तर घास तोंडातून काढावा लागतो.

बीटल्सच्या हॉलिवूड बोलमधल्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण १९६४ आणि १९६५ ला झालं, तेही फक्त तीन ट्रॅकवर. पोरींच्या किंकाळ्या एवढ्या की मंचावर त्या चौघांना एकमेकांचं ऐकू येत नव्हतं. मंचावर कलाकारांसाठी उलटे ठेवलेले स्पीकर आज गल्लीतल्या गणपतीच्या ऑर्केस्ट्रालाही असतात. तेव्हा त्यांना तेही नव्हते. टेप वर्षानुवर्षं पडून राहिल्या. १९७७ ला जॉर्ज मार्टिन यांनी त्यातून रेकॉर्ड काढली, २०१६ ला त्यांच्या मुलानं, जाइल्सनं, नव्या तंत्रानं पुन्हा साफ करून काढली. मी दोन्ही ऐकल्या. गाणी कळतात, पण ऐकणारे गाणी ऐकतच नव्हते. म्हणून मला ती रेकॉर्ड त्या काळचा पुरावा म्हणून मोलाची वाटते. पुन्हापुन्हा लावाविशी वाटत नाही.

उलट तऱ्हा रोलिंग स्टोन्सची. १९६६ ला त्यांच्या अमेरिकन कंपनीनं 'गॉट लाइव्ह इफ यू वॉन्ट इट' काढली. त्यातल्या दोन गाण्यांत चक्क स्टुडिओतल्या जुन्या ध्वनिमुद्रणावर किंकाळ्या चिकटवल्या होत्या. ऐकताना काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं आणि मग लक्षात येतं. गाण्यात काहीही झालं तरी तो गलका एकाच पातळीवर चालू आहे. गायक काय करतो याच्याशी त्याचा संबंध नाही. ओसाकात लोक सुराला सूर लागल्यावर ओरडत होते. इथे नळ सोडल्यासारखं.

हे ऐकताना मला मुलांच्या पक्क्या प्रतीतल्या टाळ्या आठवल्या. तिथेही तेच होत होतं. संथ कन्नड गाण्याला आणि दणक्याच्या मराठी गाण्याला एकाच मापाच्या टाळ्या.

रफू आणि रफू

म्हणजे दुरुस्ती करूच नये का? इथे मी माझ्या पहिल्या मतावर अडखळलो, कारण कपाटात 'किस' होते. चेहरे रंगवून, आगीचे लोळ सोडून कार्यक्रम करणारा हा अमेरिकन बँड. त्यांचे पहिले तीन स्टुडिओ अल्बम बेताचेच खपले. कार्यक्रमाला मात्र लोक लोटत. सप्टेंबर १९७५ ला 'अलाइव्ह' निघाला आणि त्यांचं नशीब पालटलं. 'रॉक अँड रोल ऑल नाइट' हे गाणं स्टुडिओच्या प्रतीत जेमतेम चाललं होतं, ते मंचावरच्या प्रतीत घराघरात गेलं. आणि हा अल्बम तर रफूनं भरलेला! एडी क्रेमर हा निर्माता. स्टुडिओत बसून बरंच काही पुन्हा वाजवून-गाऊन भरलं, हे पुढे संबंधितांनी कबूल केलं. तरी तो लोकांना फसवणुकीचा वाटत नाही. त्या बँडचा जो धडाका मैदानात बसत होता तो स्टुडिओच्या अल्बममध्ये कधी उतरला नव्हता. इथे तो उतरला. दुरुस्ती कार्यक्रमाच्या दिशेनं केली होती.

आता 'ईगल्स लाइव्ह', १९८०. तोवर बँड फुटला होता, मंडळी एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हती. पण कंपनीला अल्बम द्यायचा होता. एक जण लॉस एंजेलिसला, बाकीचे मायामीला. मिळून गायचे सूर दुरुस्त करायला टेपा कुरिअरनं इकडून तिकडे पाठवल्या! देशाच्या दोन टोकांना बसून एका मंचावरचं समूहगान तयार झालं. त्यातलं 'सेव्हन ब्रिजेस रोड' सुंदर आहे आणि गाजलंही. बाकी अल्बम मात्र घरातल्या स्टुडिओ प्रतीसारखाच वाटतो, फक्त शेवटी टाळ्या. एवढी मेहनत कशासाठी केली, तर मंचावरचं गाणं मूळ रेकॉर्डसारखं वाटावं म्हणून. मग मूळ रेकॉर्डच का लावू नये?

किस आणि ईगल्स शेजारी ठेवल्यावर माझ्यापुरता एक निकष हाती आला. दोष दोन जातींचे. एक त्या संध्याकाळचा. तो काढला तर संध्याकाळच जाते. दुसरा नुसता दोष. वायर ढिली, माइक बंद, बेस उमटला नाही. दुसरा खुशाल काढावा. पहिल्याला हात लावताना दहादा विचार करावा.

रोज रात्री ऐकणारे

हा विचार कसा करतात, ते ऑलमन ब्रदर्सनी दाखवलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हा बँड. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात मार्च १९७१ ला त्यांचे कार्यक्रम झाले. निर्माता टॉम डाउड बाहेर गाडीत बसून ध्वनिमुद्रण पाहत होता. मंचावर अचानक हॉर्न वाजवणारे पाहुणे आले. आधी कल्पना नाही, वर सूर जुळेनात. डाउडनं त्यांना बंद करायला लावलं. कार्यक्रम संपला की रात्री बँडची मंडळी त्याच्याबरोबर स्टुडिओत जात आणि त्याच रात्रीची टेप ऐकत. हे जमलं, हे उद्या पुन्हा वाजवू, हे नको. असं ठरवून दुसऱ्या दिवशी मंचावर.

'व्हिपिंग पोस्ट' स्टुडिओत पाच मिनिटांचं. इथे तेवीस मिनिटांचं, रेकॉर्डची एक आख्खी बाजू. गिटारी विलंबितासारख्या सावकाश सरकतात, मध्ये जवळजवळ थांबतात, आणि त्या शांततेत सभागृहात कोणीतरी ओरडतं तेही ऐकू येतं. ते ठेवलं. 'स्टॉर्मी मंडे'मधला हार्मोनिकाचा भाग मात्र कापला. कात्री इथेही चालली, पण रोज रात्री एकत्र बसून ऐकलेल्या कानांनी.

अल्बम जुलै १९७१ ला निघाला. त्याआधी जूनमध्येच ते नाट्यगृह बंद झालं होतं. २९ ऑक्टोबरला गिटारवाला ड्वेन ऑलमन मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय चोवीस. पहिल्या सहा जणांचा तो संच मंचावर कसा वाजवत होता, हे मुख्यतः या चार बाजूंमुळे आपल्याला कळतं. ते तेवीस मिनिटांचं गाणं कापून सात मिनिटांचं केलं असतं तर आज काय हाती राहिलं असतं, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

एकच बँड, दोन निकाल

निराशेचं उदाहरण हवं असेल तर लेड झेपेलिन. त्यांचा पहिला अधिकृत लाइव्ह अल्बम 'द साँग रिमेन्स द सेम' १९७६ चा. त्याच नावाचा चित्रपट होता, त्याला जोडून निघालेला. ध्वनिमुद्रण जुलै १९७३ चं, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं. लांबलचक दौऱ्याच्या अखेरच्या तीन रात्री. थकवा ऐकू येतो. गाणी लांबतात, पण पुढे सरकत नाहीत. लोकांनी वर्षानुवर्षं समजूत करून घेतली की मंचावर ते असेच असावेत. २००३ ला जिमी पेजनं जून १९७२ च्या कॅलिफोर्नियातल्या दोन कार्यक्रमांतून 'हाउ द वेस्ट वॉज वन' काढला. तीच माणसं, त्यातली बरीच गाणीही तीच, मध्ये अवघं एक वर्ष. ऐकताना खुर्चीत नीट बसवत नाही! तीस वर्षं ती टेप पडून होती. अल्बम फसला म्हणून बँड फसला असं होत नाही. चुकीची रात्र निवडली जाते.

माझा स्वतःचा अनुभव लहानसा आहे. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले. आम्ही पाच जण राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं गेलो होतो. धूळ, धक्काबुक्की, आणि अनोळखी पोराच्या खांद्यावर हात टाकून गाणं. त्या रात्रीचा अल्बम निघाला नाही. १ फेब्रुवारी २००८ ला त्यांनी जगाचा दौरा मुंबईपासून सुरू केला आणि त्याचा 'फ्लाइट ६६६' हा चित्रपट आणि अल्बम २००९ ला आला. अल्बमचं पहिलंच गाणं, 'एसेस हाय', मुंबईतलं. छाती फुगली! पण पुढचं प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं. वाजवणं चोख, पण एका संध्याकाळची चढण त्यात नाही. प्रवासातल्या फोटोंच्या अल्बमसारखं ते पाहायचं.

मुलांना काय सांगितलं

मग एका रविवारी दोन्ही प्रती घरी मोठ्या स्पीकरवर लावल्या. सौभाग्यवतींना रॉकचं प्रेम नाही. पक्की प्रत संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे कुठलं गॅदरिंग? आपल्याकडचं वाटत नाही." कच्च्या प्रतीत तो मुलगा कन्नडमध्ये बोलायला लागला आणि त्या स्वयंपाकघरातून हसत बाहेर आल्या. "चलो ऐती!" इतकी छोटी दाद, पण मला माझं उत्तर मिळालं.

सोमवारी मुलांना बोलावलं. विकतच्या टाळ्या काढा, म्हटलं; गाणाऱ्याच्या माइकमधून मैदानाचा जो खरा आवाज आत शिरलाय तो पुरेसा आहे. दुसऱ्या गाण्यात आवाज तुटतो तो माइकच्या वायरीमुळे. तो भाग नव्यानं गाऊन भरायला हरकत नाही. सातव्या गाण्यात आवाज फाटतो तो लोकांबरोबर ओरडताना. तो राहू दे. आणि पाचव्यातली तार परत आणा. "मग माझं काय?" गिटारवाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला एवढंच सांगितलं, की तू परत आलास तेव्हाचा गलका एकदा डोळे मिटून ऐक. तो कुणासाठी आहे ते बघ. निर्णय तुम्हा चौघांचा, माझा नव्हे. आणि तो चौघांनी एकत्र बसून, पूर्ण ऐकूनच घ्या.

वाचकहो, तुमच्या घरातली मुलं असलं संगीत ऐकत असतील आणि तुम्हाला नुसता गोंगाट वाटत असेल, तर एकदा त्यांच्याकडून 'मेड इन जपान' मागून घ्या आणि तो गळा-गिटारीचा सवाल-जवाब तेवढा ऐका. पुढचं तुमचं तुम्हाला कळेल.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात गिटारवाला एकटाच घरी आला. 'लाइव्ह ॲट लीड्स' हवी होती. कॅसेट लावायला त्याच्याकडे टेपरेकॉर्डर नाही, तरी हवी होती. दिली. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "सर, तार ठेवायची ठरलं. पण मला बदलायला एवढा वेळ लागला नव्हता हो."

मी मोजून ठेवलं होतं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. सांगितलं नाही.